आजची मुभा

"मॅडम, काल माझी मुभा तेराशे नव्वद होती, आज तेराशे सत्याऐंशी दाखवतंय. तीन कुठं गेल्या?"

असे फोन मी दिवसाला साठ-सत्तर घ्यायचे. सांगलीत 'समतोल'चं मदतकेंद्र होतं, तिसऱ्या मजल्यावर, आणि खिडकीकडून चौथं टेबल माझं, पद्मजा मगदूम हिचं. जतचे एक गुरुजी दर शुक्रवारी विचारायचे की शनिवारी खाल्ल्या नाहीत त्या कॅलरी रविवारच्या लग्नात चालतील का. तासगावच्या एका गृहस्थांचं म्हणणं, एकादशीचा साबुदाणा उपवासाचा असतो, तो यंत्राने धरूच नये. विट्याच्या एका काकूंनी तर कमाल केली. त्यांची सून पाखरासारखी खायची, तर तिची उरलेली मुभा सासूला मिळेल का, एवढंच त्यांना हवं होतं. मी सगळ्यांना एकच वाक्य सांगायचे, तसंच शिकवलेलं होतं: "आपली मुभा आपल्याच शरीराने ठरवली आहे." ऐकायला किती गोड. मला स्वतःलाही ते पटलं होतं, हे आधीच कबूल करते.

पटण्यासारखंच होतं. माझ्या लग्नाच्या वेळी लोक मनगटावर घड्याळं बांधायचे आणि फोनमध्ये ॲप ठेवायचे. घड्याळ नाडीवरून आणि हाताच्या हालचालीवरून अंदाज करायचं. मी भाकरी थापायला बसले की त्याला वाटायचं, बाई निघाली चालायला. त्यात आणखी एक घोळ. माणूस नुसता बसून राहिला तरी श्वास, हृदय, ऊब यांसाठी शरीर काही जाळतच असतं. ते ॲपने एकदा धरलेलं असायचं आणि घड्याळ तेच व्यायामात मिसळून पुन्हा धरायचं. मग 'आज तुम्ही तीनशे जास्त खाऊ शकता' असा निरोप यायचा, लोक खायचे, आणि महिन्याने म्हणायचे की आम्ही तर सगळं मोजून खातो, तरी वजन का वाढतं.

समतोलचा मणी आला आणि हा अंदाजपंचे कारभार संपला. तांदळाच्या दाण्याएवढा मणी, गळ्याच्या हाडाखाली कातडीत बसवायचा. रक्तातला प्राणवायू शरीर किती वापरतं आणि बाहेर ऊब किती टाकतं, हे तो क्षणाक्षणाला मोजतो. पूर्वी एवढ्या मोजमापासाठी माणसाला दिवसभर बंद खोलीत ठेवावं लागे. जोडीला न्हाणीघराच्या दाराशी एक चटई. तिच्यावर पाय ठेवला की वजन आणि अंगातली चरबी कळते, आणि त्यावरून काल किती खाल्लं तेही निघतं. तुम्ही सांगा वा लपवा. पुढचं गणित शाळेतल्या पोराचं. काल जेवढं जाळलं त्यातून साडेचारशे वजा केले की राहिली ती आजची मुभा. सकाळी सहाला फोनवर येते. चरबी ठरल्या टक्क्यावर उतरली की वजाबाकी आपोआप थांबते.

ह्यांना तो मणी मीच बसवून दिला. आमच्या ह्यांचं नाव शांतिनाथ, भूमापक. तीस वर्षं लोकांच्या जमिनी मोजतायत. बांधावरून डोकी फुटायच्या बेतात असतात तिथं हे जातात, यंत्र लावतात, आकडा सांगतात आणि चहासुद्धा न घेता परत येतात. माझ्या वडिलांचं शेत मोजताना अर्धा गुंठा शेजाऱ्याकडे गेला, तेव्हा वडील म्हणाले, जावईबापू, जरा बघा की. ह्यांनी बघितलं नाही. दोन वर्षं माझं माहेर बंद होतं. असा माणूस घरात असला की शब्दाला किंमत राहत नाही, कागदाला राहते.

गेल्या वर्षी ह्यांच्या हृदयाच्या नळीत जाळी बसवली. मिरजेच्या डॉक्टरांनी वजन उतरवायला सांगितलं. ह्यांचे वडील पंचावन्नाव्या वर्षी सकाळी दाढी करता करता गेले, अर्ध्या गालाला साबण तसाच. ह्यांना येत्या श्रावणात पंचावन्न पूर्ण होणार. ती तारीख ते कधी बोलून दाखवत नव्हते, पण दाढी करताना आता दार उघडं ठेवत. कर्मचाऱ्यांच्या घरच्यांना मणी आधी मिळायचा. मी अर्ज भरला आणि गेल्या श्रावणातच मणी बसला. वजन ब्याऐंशी, पहिली मुभा अठराशे.

ह्यांच्याइतकं आज्ञाधारक गिऱ्हाईक समतोलला मिळालं नसेल. मुभेत दहा कॅलरी राहिल्या तर अर्धं बिस्किट मोडून खायचे आणि अर्धं डब्यात ठेवायचे. दिवाळीत चकली मोजून दोन. मी खूश होते. पोट उतरलं, साखर उतरली, चालताना धाप लागेना. ऑफिसात मी फुशारक्या मारल्या. संक्रांतीला ह्यांचा जुना कोट अंगात आला तेव्हा आम्ही दोघं आरशासमोर उभे राहून हसलो होतो. ती शेवटची हसण्याची वेळ.

मुभा रोज दोन-तीनने कमी होत होती. दोन-तीन म्हणजे अर्धा शेंगदाणा. त्याची कोण दखल घेणार?

मार्चात ह्यांच्या चुलतबहिणीच्या मुलीचं केळवण झालं, जयसिंगपूरला. ते ह्यांच्या कुसुमआत्यांच्या घरी होतं. तिथं खपली गव्हाची हुग्गी, म्हणजे खीर होते, वर दूध आणि तुपाची धार. आमच्याकडे ताटावर हात आडवा धरणं ही बोलण्याची सुरुवात असते, शेवट नव्हे. जेवणाऱ्याने नको म्हणायचं, वाढणाऱ्याने घ्या की म्हणायचं, पुन्हा नको, पुन्हा शपथ, आणि तिसऱ्यांदा बोटांतून वाट काढून पळी रिकामी व्हायची. कुसुमआत्या तर ह्यात पटाईत. त्यांच्या पंगतीतून न लाजता पोटभर उठता यायचं, कारण दोष त्यांच्यावर जायचा. ह्यांनी हात आडवा धरला. आत्यांनी ताटाशेजारच्या फोनकडे बघितलं.

"मुभा संपली व्हय? राहू दे मग बाबा," म्हणाल्या आणि पुढच्या पानाकडे वळल्या.

मी ह्यांच्या हाताकडे बघत राहिले. मनगटाचं हाड वर आलेलं, नखं निळसर. पंगतीत वीस माणसं होती, सगळ्यांचे फोन ताटाशेजारी, आणि कुणीच कुणाला घ्या म्हणत नव्हतं. मला आत्यांचाच राग आला, कारण ह्यांच्यावर रागवायला मला धीर होत नव्हता.

घरी आल्यावर मी भाजीत दोन चमचे तेल जास्त टाकायला सुरुवात केली. चोराच्या मनात चांदणं म्हणतात, पण माझ्या चोरीची बातमी मण्याला दुसऱ्याच दिवशी लागली. फोनवर लाल पट्टी आली: काल जास्त.  त्या दिवशी हे संध्याकाळचं जेवले नाहीत, फक्त ताक घेतलं. मी जेवढं चोरून घातलं त्याच्या दुप्पट त्यांनी उघड काढून टाकलं. मी तेल बंद केलं.

डॉक्टरांकडे घेऊन गेले. त्यांनी पडद्यावर सगळं बघितलं. साखर हिरवी, रक्तदाब हिरवा, कोलेस्टेरॉल हिरवं. नाडी त्रेचाळीस, तीही हिरवी. अशी नाडी तरुण खेळाडूंची असते, म्हणाले. मी सांगितलं, ह्यांना थंडी वाजते. बारीक माणसाला वाजतेच, म्हणाले, आणि तीन महिन्यांनी या. बाहेर खोळंबलेली माणसं तीस. त्यांना तरी काय बोलावं.

मे महिन्यात सांगलीत एकेचाळीस अंश होते आणि हे स्वेटर घालून उन्हात खुर्ची टाकून बसायचे. त्याच आठवड्यात इक्बाल मुल्लांचा फोन आला. ते ह्यांचे वीस वर्षांपासूनचे मदतनीस. ते म्हणाले की साहेबांनी आज यंत्राची तिपाई उचलली नाही, मला उचलायला सांगितली. मग हद्दीच्या दगडावर तासभर बसून राहिले. मोजणीचं वाचन तीनदा चुकलं. वीस वर्षांत एकदाही चुकलेलं मी बघितलं नाही वहिनी, असं म्हणताना त्यांचा आवाज बारीक झाला. मला भीती वाटली, सरळ सांगते. मार्चपासून जी काळजी होती ती त्या फोननंतर भीती झाली.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात मी ह्यांचा तक्ता उघडला. नऊ महिने. मुभा अठराशेवरून एक हजार नव्वद. वजन एकसष्ट. आणि चरबी? एकतीस टक्क्यांवरून बावीसवर येऊन अडकलेली. ठरवलेला टक्का अठरा.

वरच्या मजल्यावर तंत्र विभागात शार्दूल पाटणे म्हणून एक हुशार मुलगा होता. मी त्याला विचारलं, हे खाली कुठं थांबतं? त्याने मला समजावून सांगितलं आणि सांगताना त्याला स्वतःच्या यंत्राचा अभिमान वाटत होता. कमी खायला मिळालं की शरीर काटकसर करतं. ऊब कमी करतं, नाडी मंद करतं, नखं-केसांची वाढ आणि झीज भरणं मागे ठेवतं, माणूस पायसुद्धा कमी हलवतो. म्हणजे जाळणं कमी होतं. मणी ते अचूक टिपतो आणि त्यातून पुन्हा साडेचारशे वजा करतो. शरीर आणखी काटकसर करतं. मणी आणखी कमी देतो.

मी म्हटलं, आणि टक्का? तो म्हणाला, चरबीबरोबर थोडा स्नायूही जातो. एकूणच माणूस कमी होतो, त्यामुळे टक्का हळू उतरतो.

"हृदय हाही स्नायूच ना रे?"

 त्यावर तो म्हणाला की जुन्या ॲपना तळ असायचा. बायकांना बाराशे, पुरुषांना पंधराशे, त्याखाली ती आकडाच दाखवत नसत. अंदाजाचं काम होतं म्हणून ती भिंत. आपलं मोजमाप अचूक, म्हणून आपण ती काढली. बंद करायचं तर वापरणाऱ्याने फोनवर अंगठा टेकवून किंवा डॉक्टरांच्या आदेशाने. बाकी सगळे लोक ठरल्या टक्क्यावर पोचतातच, सरासरीने.

मी जिना उतरताना माझ्या लक्षात आलं की ती जुनी खोटारडी घड्याळं माझ्या भाकऱ्या थापण्यालाही चालणं समजून वर दोन घास देत होती, आणि त्या चुकीच्या घासांवर लोक जगत होते. नवं यंत्र एका कॅलरीचीही चूक करत नव्हतं.

घरी ह्यांना सगळं सांगितलं. जीव तोडून सांगितलं. ह्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "हे तुझं मत झालं. आकडा हिरवा आहे." मी रडले. हे उठून दार ओढून घ्यायला गेले, वारं लागतं म्हणून. मेमध्ये. अंगठा टेकवायला तयार होईनात. श्रावण पार पडू दे, मग बघू, एवढंच पालुपद. वडिलांच्या वयाचा तो दिवस त्यांना मण्याच्या आधाराने ओलांडायचा होता आणि मला दिसत होतं की त्याच आधाराने ते तिथवर पोचणार नाहीत.

शेवटी मी म्हटलं, घरचं पटत नाही ना, मग केंद्राला फोन करा. अधिकृत विचारा. हे लगेच तयार झाले. उद्या अकरा वाजता करतो, म्हणाले, आणि वहीत प्रश्न लिहून काढायला बसले.

सकाळी मी ह्यांचा नंबर माझ्या टेबलाकडे वळवून ठेवला. तसं करायची परवानगी नसते. अकराला फोन वाजला.

"नमस्कार, समतोल मदतकेंद्र. आपल्याला काय मदत करू?"

माझा आवाज ह्यांनी ओळखला असणार. सव्वीस वर्षं एका घरात राहिल्यावर आवाज कळतो.

"नमस्कार मॅडम," हे म्हणाले. "मी शांतिनाथ मगदूम, भूमापक. माझी मुभा एक हजार नव्वद आहे. ती बरोबर आहे का, हे मला आपल्याकडून हवं आहे."

जन्मात पहिल्यांदा ह्यांनी मला 'आपण' म्हटलं.  समोरच्या पडद्यावर लाल ठिपका पेटला, म्हणजे वरिष्ठ फोन ऐकत होत्या. तोंडात ते शिकवलेलं वाक्य तयार होतं. मी ते गिळलं.

"साहेब, आपण जमिनीची मोजणी कुठून सुरू करता?"

"हद्दीच्या दगडापासून. पक्क्या."

"तो दगड रोज दोन बोटं आत सरकत असेल तर?"

वहीचं पान उलटल्याचा आवाज आला.  दिवसातून शंभर वेळा मी लोकांना 'आपण आहात ना' विचारते, त्या वेळी विचारलं नाही.

"तर क्षेत्र रोज कमी भरेल," हे सावकाश म्हणाले. "मोजणी मात्र दर वेळी बरोबर निघेल. चूक यंत्रात सापडणार नाही."

"आपल्या बाबतीत तसंच झालंय, साहेब. यंत्र बरोबर आहे. दगड सरकतोय. दगड म्हणजे तुम्ही."

"मॅडम, हे कंपनीचं उत्तर आहे की आपलं वैयक्तिक मत?"

लाल ठिपका पेटलेलाच होता. मला माझं टेबल दिसत होतं, खिडकी दिसत होती, बारा वर्षांची माझी पाण्याची बाटली दिसत होती.

"कंपनीचं," मी म्हटलं. "मुभा आजच बंद करावी, पोटाला लागेल तसं थोडं थोडं वाढवत खावं आणि उद्या हृदयाची तपासणी करून घ्यावी. तक्रार क्रमांक लिहून घ्या."

मी क्रमांक सांगितला. ह्यांनी तो परत वाचून दाखवला, एक आकडा चुकला तो मी दुरुस्त केला.

"लेखी मिळेल का?"

"पाठवते."

कंपनीच्या शिक्क्याच्या कागदावर मी चार ओळी लिहिल्या, खाली माझं पूर्ण नाव घातलं आणि पाठवून दिल्या. फोन ठेवला तेव्हा वरिष्ठ बाई माझ्या खुर्चीमागे येऊन उभ्या होत्या. त्या ओरडल्या नाहीत. उद्या दहाला वर या, एवढंच म्हणाल्या, आणि मी उरलेले फोन तसेच घेतले. त्या दिवशी विट्याच्या काकूंचा पुन्हा फोन आला. मी त्यांना सांगितलं, सुनेला ताटात जास्त वाढा, ती नको म्हणाली तरी.

आमच्याकडे सूर्य मावळायच्या आत जेवण असतं. सहाला हे आले, स्वेटरसकट. खिशातून तोच छापून आणलेला, चौघडी केलेला कागद काढला, माझ्यासमोर पुन्हा एकदा वाचला आणि फोनवर अंगठा टेकवला. हिरवा आकडा गेला. तिथं नुसता पांढरा पडदा राहिला आणि हे त्याच्याकडे असे बघत होते की मला त्यांची दया आली. एवढ्या मोठ्या माणसाला आपण आता किती खायचं हे माहीत नव्हतं.

मी ताट मांडलं. शाळूची भाकरी, वांग्याची भाजी, शेंगदाण्याची चटणी, दही. पहिली भाकरी त्यांनी हळूहळू संपवली. दुसरी घेऊन मी पुढे झाले तर हात आडवा आला, सवयीने.  मी भाकरी धरून तशीच उभी राहिले. 

ह्यांनी वर बघितलं.

"त्या मॅडमची नोकरी राहील का?"

"बहुतेक नाही," मी म्हटलं.

ह्यांनी कागदाची घडी नीट बसवून खिशात ठेवली. मग ताटावरचा हात काढला.

"वाढ मग," म्हणाले. "वाया नको जायला."